दरवाजे उचलताना गंगेतल्या माशांचाही हिशेब धरा

मंडळी, सप्टेंबरात गोदावरीवरचा, म्हणजे आपल्या गंगेवरचा, नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय) भरत आला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज फिरायला लागतो, एवढे दरवाजे एवढ्या फुटांनी उचलले, एवढ्या क्युसेकनं (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) विसर्ग चालू हाय, नदीकाठच्यांनी जनावरं अन् मोटारी काढून घ्याव्यात. हा मेसेज पाहिजेच, 2006 च्या पुरात गंगाथडीच्या गावांचं काय झालं ते इथं बसलेल्या बऱ्याच जणांनी डोळ्यानं बघितलंय. मला आज त्याच दरवाजांबद्दल बोलायचंय, फक्त पात्रात राहणाऱ्या माशांच्या, कासवांच्या अन् वाळूवर अंडी घालणाऱ्या पाखरांच्या बाजूनं.

जायकवाडीचं काम 1965 ला सुरू झालं, 1976 ला लोकार्पण झालं. सत्तावीस दरवाजे, एकूण साठा 102 टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पुढं, त्यातला वापरायचा साधारण 76. त्याच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रस असे बंधारे, मग नांदेडला विष्णुपुरी, शेवटी तेलंगणाच्या तोंडावर बाभळी. म्हणजे आपल्या मराठवाड्यात गंगा आता एका फुगवट्यातून दुसऱ्या फुगवट्यात जाते, आणि ती कधी वाहणार, किती वाहणार हे बऱ्याच अंशी दरवाजा चालवणारा माणूस ठरवतो. मी कुणाला दोष देत नाही, बंधारे झाले म्हणून काठाला ऊस उभा राहिला, गावांना पाणी मिळालं. पण नदीचं वेळापत्रक आपण हातात घेतलंय तर त्यात नदीतल्या जिवांचं वेळापत्रक कुठं बसतं ते आपणच बघायला पाहिजे ना.

आता मासा काय मागतो ते ऐका. रोहू, कटला, मृगळ ह्यांना अंडी सोडायला नुसतं पाणी असून भागत नाही. पावसाळ्यात नदी चढायला लागते, गढूळ होते, पाणी पात्राबाहेर पसरून काठाच्या गवतात शिरतं, तेव्हा ह्या माशांना कळतं की वेळ आली. मादीच्या पोटात अंडी तयार असतात पण ही चाहूल लागली नाही तर ती सोडत नाही, साचलेल्या तळ्यात तर सहसा नाहीच. म्हणून 1957 ला ओडिशात हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही ह्यांनी माशाच्याच पियुष ग्रंथीचा अर्क टोचून अंडी सोडायला लावली तेव्हा देशाच्या मत्स्यशेतीचं चित्र बदललं. आज आपण तलावात जी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतो ती त्या शोधामुळं. पण नदीतल्या माशाला इंजेक्शन कोण देणार? त्याला पूरच लागतो, आणि तो पूर हळूहळू चढणारा, चार दिवस टिकणारा, हळूहळू उतरणारा लागतो.

आपल्याकडं होतं काय, की धरण भरेपर्यंत खाली थेंब नाही, जून गेला, जुलै गेला, खालच्या ओढ्यांचं जे काय येईल तेवढंच, आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरात एकदम सुटतं. पाऊस थांबला की दरवाजे तसेच धाडकन खाली. काठाच्या गवतात, खड्ड्यात शिरलेली पिल्लं तिथंच अडकतात, दोन दिवसात डबकं आटतं, मग बगळे अन् कावळे. हे आपल्या भोई बांधवांना मी सांगायची गरज नाही, ते मला शिकवतील. पहिल्या पाण्याला चढणीला लागलेला मासा बंधाऱ्याच्या दारापाशी येऊन थटतो हेही त्यांनाच जास्त माहीत. वर जायला वाट नाही, खाली डोहात वाळू उपसून उपसून आसरा राहिला नाही. मग नदीत कोण वाढतं, तर चिलापी, म्हणजे तिलापिया मासा. तिला साचलेलं पाणी चालतं, बाराही महिने पिल्लं काढते. मरळ, वाम, शिंगटा कमी झाले अन् चिलापीच चिलापी येते अशी तक्रार आपण करतो, पण साचलेलं पाणी आपणच तिला करून दिलंय.

ह्याच्यावर कुणी काही केलंय का? केलंय. चीनमध्ये यांगत्से नदीवर थ्री गॉर्जेस नावाचं अवाढव्य धरण आहे, तिथं 2011 पासून उन्हाळ्याच्या सुरुवातीला मुद्दाम रोज थोडं थोडं वाढवत पाणी सोडतात, कशासाठी तर कार्प माशांनी अंडी सोडावीत म्हणून. त्यातले गवत्या अन् सिल्व्हर कार्प आपल्या शेततळ्यातही आहेत, तीच जात. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर 1996 ला ग्लेन कॅनियन धरणातून सात दिवस 45,000 क्युसेकनं पाणी सोडलं होतं, वाहून गेलेले वाळूचे काठ परत बांधले जातात का बघायला. आपल्या देशातही 2018 ला वरच्या गंगेसाठी, म्हणजे उत्तरेतल्या, अधिसूचना निघाली, प्रकल्पाच्या खाली हिवाळ्यात महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या 20 टक्के आणि पावसाळ्यात 30 टक्के पाणी वाहतं ठेवायचं म्हणून. मग आपल्या गंगेनंच काय केलंय?

आता तुम्ही मनात म्हणायलेत, की ह्या बाबाला दुष्काळ आठवत नाही का. आठवतो. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं म्हणलं की दरवर्षी भांडण, कोर्ट, जायकवाडी 65 टक्के भरायचा हिशेब, तिथं माशाचं नाव काढलं तर लोक उठून जातील. म्हणून मी दुष्काळात जादा पाणी मागतच नाही. हिशेब सांगतो, नदी नुसती वाहती ठेवायला 100 क्युसेक सलग आठ महिने सोडले तरी साधारण 2 टीएमसी होतात, नाथसागर एवढा उथळ अन् पसरट की ह्याच्या कितीतरी पट पाणी वर्षभरात नुसतं उन्हानं उडून जातं. पण एवढं बारीक पाणी वाळूत मुरतं आणि पहिल्या दोन-तीन बंधाऱ्यांतच अडतं, टेलपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, पोचत नाही, म्हणून इंजिनिअर लोक मोठ्या धारेनं एकदम सोडतात आणि त्यांचं ते बरोबर आहे. माझं मागणं त्याच पाण्याबद्दल आहे, जे तुम्ही तसंही सोडणार आहात. चढवताना एका दमात चढवू नका, टप्प्यानं चढवा, आणि बंद करताना दोन-तीन दिवस उतरवत आणा. ह्यात जादा पाणी फार लागत नाही, दरवाजावर माणूस जास्त वेळ लागतो.

दुसरं मागणं उन्हाळ्याचं. मार्च ते मे नदी सुरय नावाचं पाखरू उघड्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतं, घरटं म्हणजे वाळूतली नुसती खळगी, टिटव्यांचंही तसंच. हे सुरय जगात धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत गेलंय. एप्रिलमध्ये अचानक बंधारे भरायला पाणी आलं की एका रात्रीत सगळी वीण पाण्याखाली. तेच आवर्तन, म्हणजे पाणी सोडायची पाळी, फेब्रुवारीच्या शेवटाला सोडलं तर पाखरं बेट निवडायच्या आधीच पाणी येऊन जाईल. पिण्याची खरीच अडचण असली तर माणूस पहिला, त्याबद्दल वाद नाही, पण दरवेळी अडचण नसते, बऱ्याचदा आधी कुणी विचारलेलंच नसतं.

आणि तारखा पाळता येत नाहीत असं कुणी म्हणलं तर बाभळीकडं बोट दाखवा. 2013 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं. ते दोन राज्यांच्या भांडणातून आलं, माशासाठी नाही, तरी पावसाळाभर उघड्या दरवाजातून मासा वर यायला वाट झाली. बाकीच्या बंधाऱ्यांवर निदान पहिले दोन-तीन पूर दरवाजे उघडे ठेवून काढून द्यावेत आणि मग पाणी अडवावं. पावसाचा अंदाज, वरची आवक हे बघून ते ठरवता येतं.

हे कुठं मांडायचं, तर पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते, आवर्तनं तिथं ठरतात. तिथं मत्स्यव्यवसायवाल्यांना अन् वनखात्यालाही बसवा अशी मागणी आपण करू. त्याच्या आधी मच्छीमार सोसायट्यांनी आपापल्या डोहाची वही घालावी, मासा कधी चढला, कोणत्या बेटावर पाखरं बसली, पाणी कोणत्या तारखेला एकदम उतरलं, तारखेसकट लिहा, फोटो काढा. मी कागद तयार करायला बसायला तयार आहे, आज जाताना ज्यांना जमेल त्यांनी गावाचं नाव देऊन जा.