फ्लॉरेन्सची भिंत, व्हेनिसचं शीड

नमस्कार मंडळी! रेनेसाँ, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातला इटलीतला कलेचा बहर, म्हटलं की आपण सगळी चित्रं एकाच गाठोड्यात बांधतो. पण फ्लॉरेन्सचा चित्रकार आणि व्हेनिसचा चित्रकार, दोघांची तऱ्हाच निराळी. आणि मला विचाराल तर त्यात प्रतिभेइतकाच हवेचाही हात आहे.

फ्लॉरेन्समध्ये जोर फ्रेस्कोवर. चुन्याचा ओला गिलावा आणि त्यावर पाण्यात कालवलेला रंग. गिलावा सुकला की खेळ खलास. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. चुकलं तर खरवडा. साहजिकच रेखाटन आधी पक्कं हवं. सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधली मासाच्चोची ‘ट्रिनिटी’ बघा, साधारण 1427 ची. भिंत सपाट, पण आत कमानीचं खोल दालन असल्याचा भास होतो!

आता व्हेनिस. खारी, दमट हवा. मुंबईत पावसाळ्यात भिंतींचे पोपडे निघतात ना, तोच प्रकार. 1508 च्या सुमारास जॉर्जोने आणि तरुण तिशियननं जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीच्या बाहेरच्या भिंती रंगवल्या. आज उरलेत फक्त पुसट तुकडे. मग कॅनव्हास आला. दर्यावर्दी शहर, शिडाच्या कापडाला काय तोटा? त्यावर तैलरंग. हे सावकाश सुकतात, त्यामुळे रंगवता रंगवता विचार बदलता येतो. तिशियनच्या चित्रांचे एक्स-रे काढले, तर खाली बदललेल्या आकृती सापडतात.

फ्लॉरेन्सवाल्यांना हे कसं रुचावं? चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी सांगतो की मायकेलँजेलोनं तिशियनच्या रंगांची तारीफ केली, पण व्हेनिसमध्ये आधी नीट रेखाटन शिकवत नाहीत म्हणून हळहळला. (वासारी स्वतः फ्लॉरेन्सच्या पक्षाचा, बरं का!)

तैलरंगाचे खरे उस्ताद मात्र उत्तरेला, फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात. यान व्हान आईकचं 1434 चं ‘आर्नोल्फिनी’ जेमतेम 60 सेंटीमीटर रुंद, आणि त्यातल्या चिमुकल्या आरशात अख्खी खोली दिसते.

1483 मध्ये ह्यूगो व्हान डर गूसचं एक प्रचंड फ्लेमिश (म्हणजे फ्लँडर्सचं) चित्र फ्लॉरेन्सला पोहोचलं. फ्लँडर्समधल्या ब्रुझ शहरात फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याची बँक सांभाळणाऱ्या पोर्तिनारीनं ते करवून घेतलं होतं. त्यातले रापलेले, ओबडधोबड मेंढपाळ पाहून फ्लॉरेन्सच्या गिर्लांदायो या चित्रकारानं 1485 मध्ये आपल्या चित्रात तसेच मेंढपाळ रंगवले. [दोन्ही चित्रं स्क्रीनवर] चेहरे उचलले, पण रंग? तो जुनाच, अंड्याच्या बलकात कालवलेला.