अंगावरनं वारं गेलं

(दृश्य: पहाट. चिऱ्याचं घर, मागच्या पडवीत पेटलेली चूल.)

पावसजवळच्या वाडीतलं घर. मुलगे मुंबईला, गणपतीत येतात, शिमग्याला येतात. एरवी एवढ्या मोठ्या घरात काकी एकट्याच. वय ६८. या काकी कुणी एक बाई नव्हेत. कोकणातल्या अशा कितीतरी घरांतून जुळवलेली ही गोष्ट आहे.

पावणेसातला शेजारीण दूध घेऊन आली, तर काकी भिंतीला टेकून बसलेल्या. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, शब्द फुटेना. वाडीभर निरोप गेला: काकींच्या अंगावरनं वारं गेलं!

वाऱ्याचा इथे काही संबंध नाही. हा पक्षाघात. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बुजते, नाहीतर फुटते. पण नाव वाऱ्याचं पडलं की उपायही तसेच सुचतात. तेल चोळा. शेक द्या. कबुतराचं रक्त लावा. दुपारपर्यंत बघू, उतरेल. मोठी रक्तवाहिनी बुजली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब आहे. त्यात दुपार फार लांब.

शेजारणीनं १०८ लावला. गाडीतल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न: “यांना शेवटचं धड कधी पाहिलंत?” सापडल्या कधी, हे त्यांना नको होतं. मुंबईहून फोनवर मुलगा म्हणाला, रात्री नऊला बोललो होतो. म्हणजे जवळजवळ दहा तास. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, “सहाला पाणी तापवत होत्या की! मला हाक मारून म्हणाल्या, आज दूध जास्त आण.”

हाक स्पष्ट होती. घड्याळ नऊवरून सहावर आलं. एकट्या राहणाऱ्या माणसाला अशी शेजारीण असणं, हाही उपचारच म्हणायचा.

(दृश्य: हायवेवरून धावणारी रुग्णवाहिका.)

गाडीतून रुग्णालयात आधीच फोन गेला. सीटी स्कॅनचं टेबल मोकळं ठेवलं गेलं. गुठळी आणि रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात, आणि रक्तस्रावात तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. फरक कळतो तो स्कॅनमध्ये. साखर बोटातून तपासली, कारण साखर फार उतरली तरी माणूस असाच दिसतो. रक्तदाब १८५/११० च्या खाली आणला. वजन केलं; मात्रा वजनावर ठरते. साडेआठला इंजेक्शन सुरू झालं.

मोठ्या नसेतली गुठळी तारेनं ओढून काढता येते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. ती सोय प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी नसते. रत्नागिरीहून कोल्हापूर गाठायचं तर सुमारे १३० किलोमीटर, आणि मध्ये पावसाळ्यातला आंबा घाट. काकींवर ती वेळ आली नाही.

(दृश्य: वॉर्ड. खाटेशेजारी स्टीलचा डबा.)

दुपारी भावजय डबा घेऊन आली. मऊ भाताची पेज, वर मीठ आणि तूप. आजारी माणसाला पेज, यात कोकणात कोण चूक काढील? पण सिस्टरनं डबा बाजूला ठेवला. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. घशाचे स्नायू ढिले पडले की पातळ पदार्थ झर्रकन श्वासनलिकेत उतरतो. ठसका लागतोच असं नाही. मग कळतं ते न्यूमोनिया झाल्यावर. वाचातज्ज्ञांनी चमच्याचमच्यानं पाहिलं आणि दाटसर चालेल असं ठरवलं. भावजय दुसऱ्या दिवशी घट्ट कुळथाची पिठी घेऊन आली.

पहिल्या दिवशी काकींना उठवून चालवलं नाही. लवकर म्हणजे लगेच, असा समज डॉक्टरांचाही होता. २०१५ साली २,१०४ रुग्णांचा मोठा अभ्यास आला, त्यात पहिल्या २४ तासांतच भरपूर हालचाल करायला लावलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती उलट मागे पडलेली आढळली. म्हणून दुसऱ्या दिवशी खाटेच्या कडेला बसणं, पाय जमिनीला टेकवून, थोडा वेळ, पण दिवसातून पुन्हा पुन्हा. लुळ्या हाताखाली उशी. उठवताना तो हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. हे मुलांना शिकवलं, भावजयीला शिकवलं, आणि वॉर्डातल्या मावशींनाही, कारण रुग्णाची कूस बदलतात त्या.

रोज सकाळी डॉक्टर, सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, वाचातज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकाच खाटेभोवती उभे राहत. दहा मिनिटं. एकाला जे दिसलं ते बाकीच्यांना कळायचं. यंत्र लागत नाही याला; तरी हेच जमवणं सगळ्यात कठीण.

चौथ्या दिवशी फिजिओथेरपिस्टनं मोठ्या मुलाकडे घराचे फोटो मागितले. उंबरठा किती उंच? पायऱ्या किती? संडास कुठे? संडास परसात निघाला, विहिरीच्या पलीकडे, बसायचा. काकी वॉर्डात असतानाच गवंडी लागला.

(दृश्य: पडवी. उन्हं. मांडीवर सूप.)

सहा आठवडे झाले. बोलताना शब्द अजून अडतात. मुलांची नावं उलटसुलट होतात, शेजारणीचं मात्र बरोबर येतं. व्यायाम म्हणून उजव्या हाताला काम दिलंय: कुळीथ निवडायचे, एकेक दाणा चिमटीत धरून. पाच उचलले की दोन सुटतात. सुटलेले खाली कोंबडी वेचते, आणि काकी तिच्यावर डाव्या हाताने सूप उगारतात.