रिकामी कॅप्सूल कुणाला द्यायची?

नमस्कार नाशिककर. आतड्याचा कॅन्सर म्हटलं की बहुतेकांना मोठं आतडं आठवतं. मी बोलणार आहे ‘जिस्ट’बद्दल. जठराच्या नाहीतर लहान आतड्याच्या भिंतीत उगवणारी ही गाठ वर्षाला दहा लाखांत साधारण १० ते १५ जणांना होते. त्या हिशेबाने आपल्या अख्ख्या जिल्ह्यात वर्षाला शंभर रुग्णही भरायचे नाहीत.

आजार यकृतात पसरला की जुन्या केमोथेरपीचा जवळजवळ काहीच उपयोग होत नसे. १९९८ साली जपानमध्ये हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या गाठींत ‘किट’ जनुक बिघडलेलं असतं, आणि त्यामुळे पेशीला वाढीचा संदेश अखंड मिळत राहतो. रक्ताच्या कॅन्सरसाठी तयार झालेलं इमॅटिनिब नेमकं हेच किट अडवतं. मार्च २००० मध्ये हेलसिंकीत पहिल्या रुग्णाला ते दिलं गेलं. पुढच्या चाचणीत १४७ जणांपैकी निम्म्याहून अधिकांच्या गाठी आकसल्या. तिथे रिकामी, म्हणजे औषध नसलेली, गोळी कुणालाच दिली नव्हती आणि तिची गरजही नव्हती.

खरा पेच पुढे आला. इमॅटिनिबला दाद देईनाशा झालेल्या रुग्णांसाठी सुनिटिनिब तपासायचं होतं. त्या चाचणीत ३१२ जण होते. २०७ जणांना औषध, १०५ जणांना रिकामी कॅप्सूल. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. ऐकूनच पोटात कालवतं ना? पण निफाड-दिंडोरीचे बागायतदार इथे बसलेत, त्यांना विचारा. द्राक्षावरच्या डाऊनी रोगावर नवं औषध मारताना दोन ओळी न फवारता सोडल्या नाहीत, तर बाग औषधाने वाचली की उघडिपीने, हे कसं कळणार? फरक एवढाच की वेलीला विचारावं लागत नाही. माणसाला विचारावंच लागतं.

म्हणून तिथे नियम असा होता: आजार वाढल्याचं दिसलं की त्या रुग्णाला काय दिलं होतं ते उघड करायचं, आणि रिकामी कॅप्सूल निघाली तर त्या रुग्णाला लगेच खरं औषध द्यायचं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. निम्म्या जणांचा आजार वाढायला औषधाच्या गटात २७.३ आठवडे लागले, दुसऱ्या गटात ६.४. फरक इतका स्पष्ट होता की मधल्या तपासणीनंतरच सगळ्यांना औषध खुलं केलं. गाठी ठळकपणे आकसल्या त्या मात्र फक्त ७ टक्क्यांच्या! नुसत्या आकाराकडे पाहिलं असतं तर हे औषध कुचकामी ठरलं असतं. ते कळलं रिकामी कॅप्सूल घेतलेल्या त्या १०५ जणांमुळे. त्यांचे ऋण आपल्या प्रत्येक रुग्णावर आहे.

उद्या तुमच्या घरातल्या कुणाला चाचणीत यायचं का, असं विचारलं, तर घाबरून उठू नका आणि भारावून सहीही करू नका. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही, तिथला नोंदणी क्रमांक मागा. आपल्याकडे २००९पासून ही नोंदणी बंधनकारक आहे. संमतीपत्र मराठीत मागा. आजार वाढला तर गट बदलून मिळेल का, ते विचारा. आणि चाचणी संपल्यावर गोळी कोण देणार, हे तर विचाराच. फ्रान्समध्ये वर्षभर इमॅटिनिब देऊन मग ३२ जणांचं थांबवलं, तर २६ जणांचा आजार वाढला. चालू ठेवलेल्या २६ जणांत फक्त ८ जणांचा. या आजारात ‘पुढे बघू’ हे उत्तर चालत नाही. ते सहीच्या आधी कागदावर लिहून घ्या.