केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ: दिल्लीच्या हाती नेमके काय आहे?

नमस्कार. नदीत फेस दिसला की प्रतिक्रियांमध्ये एकच प्रश्न येतो: ‘दिल्लीचे मंडळ कारखान्याला टाळे का ठोकत नाही?’ म्हणून आज या मंडळाचा इतिहास पाहू.

पर्यावरणावरची १९७२ची संयुक्त राष्ट्रांची स्टॉकहोम परिषद आणि तिथले इंदिरा गांधींचे भाषण आपल्याला ठाऊक आहेच. १९७४मध्ये जल प्रदूषण कायदा झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंडळ स्थापन झाले, हेही सर्वत्र वाचायला मिळते. मात्र एक गोष्ट हमखास वगळली जाते. पाणी हा राज्यसूचीतील विषय असल्यामुळे संसदेला हा कायदा आपणहून करता येत नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद २५२नुसार बारा राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले, तेव्हाच तो झाला.

त्या बारांत गुजरात आणि कर्नाटक होते, महाराष्ट्र नव्हता. आपला स्वतःचा कायदा १९६९चा आणि मंडळ १९७०चे, म्हणजे केंद्रीय मंडळापेक्षा वयाने मोठे. केंद्राचा कायदा आपण १९८१मध्ये स्वीकारला. तरीही ‘महाराष्ट्राचे मंडळ ही दिल्लीची शाखा’ असे ठासून सांगणारे प्रेक्षक मला दर आठवड्याला भेटतात, आणि खरे सांगायचे तर त्याचा आता कंटाळा आला आहे.

हेच व्यवहारात पाहा. कारखान्याला सांडपाणी सोडण्याची संमती राज्य मंडळ देते आणि तेच ती नाकारते. केंद्रीय मंडळ मानके सुचवते, राज्यांच्या कामात समन्वय साधते, राज्य मंडळांना निर्देश देते आणि केवळ केंद्रशासित प्रदेशांसाठी राज्य मंडळाची भूमिका बजावते. माझा आतेभाऊ गावच्या ओढ्याची तक्रार थेट दिल्लीला धाडायला निघाला होता. त्याला मी आधी राज्य मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाचा पत्ता दिला.

हवेचा कायदा मात्र १९८१मध्ये स्टॉकहोमच्या निर्णयांचा आधार घेऊन आला; आंतरराष्ट्रीय परिषदेतले निर्णय अमलात आणण्यासाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते, त्यामुळे तिथे राज्यांच्या ठरावांची गरज पडली नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदाही त्याच वाटेने झाला आणि त्यातील कलम ५ने कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. जल कायद्याच्या १९८८च्या दुरुस्तीने केंद्रीय मंडळाला आजचे नाव मिळाले. त्याच दुरुस्तीतील कलम ३३-अने अशाच प्रकारचे आदेश देण्याची मुभा जल कायद्याखालील मंडळांनाही दिली, त्यामुळे टाळे ठोकण्यासाठी राज्य मंडळाला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.