जुळाऱ्याचे काम जुळाऱ्याकडे
(नांदेड येथे संशोधक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विद्यार्थी मित्रहो, संगणक येण्यापूर्वी आपल्या मराठवाड्यातल्या छापखान्यांत लग्नपत्रिका शिशाच्या खिळ्यांनी जुळवल्या जात. पत्रिकेचा मजकूर घेऊन येणारा माणूस फार तर ‘वराचे नाव ठळक घ्या’ एवढे सांगे. दोन ओळींत किती जागा सोडायची, हे जुळारी ठरवी. शोधनिबंधासाठी नियतकालिकाचा टेम्प्लेट, म्हणजे मांडणीचा तयार साचा, हाती आला की आपण नेमकी ही विभागणी विसरतो आणि लेखकाची जागा सोडून जुळाऱ्याच्या जागी जाऊन बसतो.

१९७७ साली आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पाहून नाराज झालेल्या संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली आणि पुढे १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लाटेक’ रचले. त्यात लेखकाने हा सारांश, हे उपशीर्षक, ही आकृती, एवढेच सांगायचे असते. ते कागदावर कसे दिसेल हे नियतकालिकाची क्लास फाइल, म्हणजे मांडणीचे नियम लिहिलेली फाइल, पाहते. म्हणूनच एका ठिकाणी नाकारलेला निबंध दुसरीकडे पाठवताना, लेखकांची नावे-पत्ते आणि पहिल्या काही ओळी सोडल्या, तर मजकुराला सहसा हात लावावा लागत नाही. मात्र मध्ये मध्ये हाताने जागा सोडली असेल, समास ओढूनताणून बदलले असतील, तर तेच शोधून काढण्यात दोन दिवस जातात.

माझीच फजिती सांगतो. पहिल्या निबंधात मी संदर्भांचे क्रमांक हाताने टाकले होते. परीक्षकाने सुरुवातीलाच दोन संदर्भ वाढवायला सांगितले, तेव्हा रात्रभर बसून मी पुढचे सगळे क्रमांक दोनने वाढवले. एक राहिलाच, आणि जमिनीतील ओलाव्याच्या विधानाला कापसावरच्या बोंडअळीचा संदर्भ छापून आला! प्रत्येक संदर्भाला खूणनाव दिले असते, तर क्रमांक आपोआप सरकले असते.

आकृतीबाबत थोडे सविस्तर बोलतो, कारण निबंध तिथेच सर्वांत जास्त बिघडतात. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकांच्या दोन रकान्यांच्या मांडणीत एका रकान्याची रुंदी साडेतीन इंच, म्हणजे जवळपास ८९ मिलिमीटर असते. सोयाबीनच्या उत्पादनाचा आलेख तुम्ही सात इंच रुंद काढला, त्यात दहा पॉइंटांची (पॉइंट हे छपाईतले अक्षरांचे माप) अक्षरे टाकली आणि तो रकान्यात बसवला, तर ती अक्षरे पाच पॉइंटांची होतात. मग अक्षावरचे ‘क्विंटल प्रति हेक्टर’ वाचायला भिंग लागते. त्यामुळे आलेख मुळातच अंतिम रुंदीचा काढावा आणि फोटोसारखा जतन न करता व्हेक्टर पीडीएफमध्ये, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या रूपात, ठेवावा. आकृती पुढच्या पानावर गेली म्हणून तिला खेचून आणण्याचा अट्टाहासही नको. मजकुरात तिचा क्रमांक दिला की वाचक ती शोधतो. शिवाय निबंध स्वीकारला गेल्यावर प्रकाशकाचे लोक पाने नव्याने लावतात, तेव्हा तुमची ती खटपट वायाच जाते.

शेवटी लॉग फाइल, म्हणजे पाने लावताना लाटेक आपले इशारे जिच्यात नोंदवते ती फाइल. ती कोणी उघडत नाही. तिच्यात ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ आणि पुढे ४० पॉइंट असे दिसले, तर एखादी ओळ, बहुधा लांबलचक समीकरण, रकान्याबाहेर चौदा मिलिमीटर घुसली आहे असे समजावे. ते समीकरण बरोबरीच्या चिन्हाच्या अलीकडे तोडून खालच्या ओळीवर घ्यावे, अक्षरे बारीक करून कोंबू नये.