मागे फिरण्याची वेळ

[दृश्य: कुंपणापलीकडून घोडी]
कान पाहा. एक कॅमेऱ्याकडे, दुसरा रिंगणाच्या दाराशी उभ्या माणसाकडे. ३ वर्षांच्या या घोडीला अजून माणसाचा हात लागलेला नाही. तिला त्याची सवय लावायची आहे. मान न वळवता तिला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते कपाळासमोरचं थोडंसं आणि शेपटीमागचं. म्हणून जायचं ते खांद्याच्या रोखानं, तिरकं.

[दृश्य: रिंगण, वरून]
व्यास १८ मीटर, कुंपण ६ फूट. गोलाला कोपरा नसतो, त्यामुळे घोडी कोंडली जात नाही. कोंडलेली घोडी लाथ झाडते. शेजारच्या कप्प्यात एक वयस्क, शांत घोडा आहे, कारण एकटं पडलेलं जनावर आधीच घाबरलेलं असतं. वैरण आणि पाणी आतच. उपाशी ठेवून हातातून चारण्याची युक्ती पुष्कळ जण सांगतात. पण घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पोट तासन्‌तास रिकामं राहिलं की व्रण होतात. पोट दुखत असताना ती काय शिकणार?

[दृश्य: माणूस आत येतो, सलग, न कापलेलं]
खांदे सैल, नजर जमिनीकडे. चार पावलं. घोडीची मान वर गेली, नाकपुड्या फुलल्या, पण ती हललेली नाही. इथेच थांबायचं.

थांबायचं.

श्वास सुटला, मान बोटभर खाली आली. आता पाठ फिरवून दोन पावलं मागे. या कामाचा गाभा म्हणजे ही दोन पावलं. माणूस जवळ येतो तो घोडीवर दाब असतो, आणि ती शिकते ती हा दाब सुटतो त्या क्षणी. ती पळताना माणूस मागे हटला, तर पळालं की सुटका हे तिच्या डोक्यात बसतं. ती उभी असताना हटला, तर उभं राहिलं की सुटका. फरक सेकंदाचा, तो चुकतो माणूस आणि बुजरी ठरते घोडी. ती पळालीच तर पाठलाग नको. आहे तिथे उभं राहायचं, ती थांबली की मग मागे, आणि पुढच्या खेपेला एक पाऊल अलीकडेच थांबायचं. अशी १०-१५ मिनिटं, दिवसातून दोनदा.

ती ओठ चाटतेय, जबडा हलवतेय. याला 'तिनं मान्य केलं' म्हणायची पद्धत आहे. ताण उतरताना असं होतं, एवढंच धरावं. म्हणजे आधी ताण होता.

[दृश्य: हात, जवळून]
पालथा हात पुढे. हुंगलं की खाली. पहिला स्पर्श कपाळावर नको, तिथला हात तिला दिसत नाही. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर करायचा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजलेलं आहे. थोपटू नका, खाजवा. कातडी थरथरली तर हात जागच्या जागी स्थिर; थरथर थांबल्यावर काढायचा. वरचा ओठ लांबून वळवळू लागला, की जागा सापडली. डावीकडे जमलं ते सगळं उजवीकडे पुन्हा पहिल्यापासून.

[दृश्य: घोडीचं तोंड]
इथे फसायला होतं. ती उभी आहे, पण डोळा ताठ, हनुवटीला गाठ, श्वास अडकलेला. ही शांत नाही, गोठलेली आहे. माणूस हात काढून दूर जातो. एका दिवसात घोडा 'वश' करून दाखवतात तेव्हा तो बहुधा असाच उभा असतो. पुढे कधीतरी उधळतो आणि स्वार खाली येतो.

[दृश्य: दोर, मग म्होरकी]
आधी नुसता दोर मानेवरून सरकवायचा, दोन्ही बाजूंनी. मग म्होरकी, म्हणजे तोंडावर चढवायचा पट्टा: नाकाचा फास उघडा धरायचा, तोंड तिला घालू द्यायचं. म्होरकीसह मोकळं सोडू नये. म्होरकी खुंटाला अडकते, कधी घोडीचा मागचा खूरही तिच्यात अडकतो.

काढताना तिचं तोंड आधी आपल्याकडे वळवून घ्यायचं, मगच बकल सोडायचं. तोंड पलीकडे असताना सुटली, तर वळता वळता लाथ बसते.

[दृश्य: म्होरकी उतरते. घोडी उभीच. निवेदन नाही, २० सेकंद फक्त आवाज.]