येळवशीची पाहुणी

नमस्कार श्रोतेहो.

परदेशी माणूस आपल्या मुलखात येतो, आपलं खातो-पितो, तेव्हा त्याला काय वाटतं, यावर आज बोलायचं आहे. हा मुलूख परक्यांना नवा नाही बरं का. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानं वाट लिहून ठेवली आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवस चाललं की पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आपलं तेर, गोरोबाकाकांचं तेर. पैठणहून मोलाचे खडे जायचे, तेरहून कापड जायचं, मलमल जायची. सतराव्या शतकात थेवनो नावाचा फ्रेंच प्रवासी आला, वेरूळची लेणी पाहून गेला आणि तेही लिहून ठेवलं. या सगळ्यांच्या पानात कुणी काय वाढलं असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

मी मात्र सांगणार आहे माझ्या डोळ्यांदेखत जेवलेल्या एका पाहुणीची गोष्ट.

पंधरा-सोळा वर्षं झाली. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवायची. येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवच्या श्रोत्यांना काही सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: मार्गशीर्षातली अमावस्या, त्या दिवशी सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, घालायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग पंगत. घरात कुणी राहत नाही, आणि शेतावरून कुणी उपाशी जात नाही. हे दुसरं लक्षात ठेवा, शेतावरून कुणी उपाशी जात नाही.

आमचं शेत औशाहून निलंग्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून. पूजा झाली. मामांनी आंबील शिंपली, पोरांनी 'ओलगे ओलगे, सालन पोलगे' म्हणून रान उठवलं. गावागणिक ते शब्द थोडे बदलतात, पण ताल तोच. आता पानं मांडायची, तेवढ्यात रस्त्यावर एक सायकल दिसली. दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेल्या आणि वर एक गोरी बाई, उन्हानं लालबुंद झालेली. खरोशाची लेणी पाहून निघाली होती, हे नंतर कळलं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, बांधावर जाऊन उभ्या राहिल्या आणि हाताचा भोंगा करून ओरडल्या, "ए माय! कुठं निघालीस उन्हाची? जेवून जा की!"

शब्द एक कळला नसेल तिला. पण उतरली.

इकडं आमच्या माणसांची धांदल. पुतण्या म्हणाला, "काकू, गाडीवर जाऊन बिस्किटाचा पुडा आणि बाटलीचं पाणी आणू का? ह्यांना आपलं सोसत नसतंय." दीर म्हणाले, "भज्जी तिखट हाय, नुसती खीर वाढा." मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आत्याबाई म्हणाल्या, "पाहुणीला येगळं पान वाढायचं? आज? पांडवांपुढं?" झालं. विषय संपला.

तिला पंगतीत बसवलं, आमच्या चुलतसासूबाई आणि आमचा गडी यांच्या मधोमध. मांडी घालायला त्रास होत होता, पण बसली. पळसाची पत्रावळ, तीवर बाजरीचे उंडे, भज्जी, धपाटं, कांद्याची पात, गव्हाची खीर. ती डावखुरी. डाव्या हातानं घास घेतला तशी पोरं एकमेकांना ढोसायला लागली. आत्याबाईंनी नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "ज्या हातानं पोट भरतंय त्या हातानं खाऊ द्या तिला."

भज्जीत काय काय पडतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुरीचे सोले, हरभऱ्याचे सोले, वाल, वाटाणा, मेथी, गाजर, शेंगदाणे, चिंच आणि ते सगळं धरून ठेवणारं बेसन. ती प्रत्येक दाणा बोटानं बाजूला करून विचारायची, हे काय? आणि मी मागं वळून तेच झाड, तोच वेल रानात दाखवायची. पानातलं सगळं पंधरा-वीस पावलांवर उभं होतं. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, पण थांबली नाही. दर वाढीला ती "थँक्यू" म्हणायची. शेवटी वाढणाऱ्या जाऊबाईंनी मला विचारलं, "ही सारखं काय मागायलीय गं?"

इथं कडब्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. तेव्हा आमच्या रानात ज्वारी होती, म्हणून कोपीला कडबा होता. आता सोयाबीननं खरिपाची ज्वारी खाल्ली, रब्बीचीही कमी झाली. कोप घालायला शेजारच्या गावातून पेंड्या मागवताना मी लोक पाहिले आहेत. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, शहरात ज्वारी चकचकीत पाकिटात आली, चांगलं झालं. पण पाकिटातून कडबा येत नाही. गुरांनी काय खायचं? माझं म्हणणं आहे, ज्याला दोन एकर आहे त्यानं अर्धा एकर तरी ज्वारीला ठेवावं. असो.

तर, आंबील. आंबील शेवटी आली. नव्या मडक्यातली, ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची, लसूण-आलं घातलेली. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, आंबट असते, वास येतो, नको वाटलं तर ठेव. आत्याबाईंनी पितळी पेला भरून हातात दिला.

तिनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. मला वाटलं, संपलं, नाही आवडली. तिनं पेला पुन्हा उचलला, नाकाशी धरला आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "हे माझ्या आजीच्या घरचं आहे."

ती पोलंडची होती. तिकडं झूर म्हणून एक सूप करतात. राय नावाच्या धान्याचं पीठ कोमट पाण्यात कालवायचं, त्यात लसूण टाकायचा, मातीच्या बरणीत चार-पाच दिवस ठेवायचं. आंबलं की त्याचं सूप शिजवायचं. ईस्टरच्या सणाला ते हवंच. तिची आजी वारून बरीच वर्षं झाली होती आणि तो वास तिला पहिल्यांदा पुन्हा आला तो आमच्या रानात, कोपीपाशी. पुन्हा सांगते श्रोतेहो, पीठ, पाणी, लसूण, मातीचं भांडं आणि आंबायला दिलेला वेळ. तिकडंही तेच, इकडंही तेच. फक्त तिकडं राय, इकडं ज्वारी आणि ताक.

मी हे मराठीत सांगितलं तशा आत्याबाई तिच्याजवळ सरकून बसल्या. "इचार तिला, बरणीवर फडकं बांधायची का तिची आजी?" मी विचारलं. बांधायची. "थंडीत चुलीपाशी ठेवायची का?" ठेवायची. मग मला मध्ये घेतलंच नाही कुणी. एक मराठीतून बोलत होती, एक इंग्रजीतून, मध्येच पोलिशमधून, आणि हातांनी बरणी केवढी, फेस केवढा, ते दाखवणं चाललं होतं. तीन पेले प्यायली ती.

वेरूळ-अजिंठ्याला आपल्याकडं जगभरातून माणसं येतात. त्यांच्यापुढं आपण काय ठेवतो? पनीर आणि नूडल्स. त्यांना सोसणार नाही, त्यांना वास आवडणार नाही, असं आपणच ठरवून टाकतो. मीही ठरवलं होतं. त्या दिवशी पुतण्या बिस्किटं आणायला गेला असता, तर ती बिस्किटं खाऊन, थँक्यू म्हणून निघून गेली असती.

उन्हं कलली तशी ती उठली. जाताना आपल्याकडं 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, हे मी तिला शिकवलं. सायकलवर बसून ती मोठ्यानं म्हणाली, "येते!" सगळ्या रानानं "ये, ये" म्हणून उत्तर दिलं.

आत्याबाई बांधावर उभ्याच. सायकल वळणाआड गेली तशा माझ्याकडं वळून कळवळून म्हणाल्या, "अगं, बाटलीत आंबील भरून द्यायची ऱ्हायली की."